ताटाची डावी बाजू आणि किडनीचं पथ्य : तोंडीलावणं कसं निवडता?

जाईजुई (नाशिक) – ४ एप्रिल, रात्री ९.४०

सासरे ७१ वर्षांचे. मधुमेह वीस वर्षांपासून, रक्तदाब त्याच्याही आधीपासून. दोन वर्षांपूर्वी क्रिएटिनिन वाढल्याचं कळलं आणि आता ईजीएफआर, म्हणजे किडनी किती काम करते त्याचा आकडा, २७ आहे, म्हणजे किडनीच्या आजाराचा चौथा टप्पा. डायलिसिस अजून लागलेलं नाही. ते जितकं पुढे ढकलता येईल तितकं ढकलायचं, यासाठीच घरातल्या सगळ्यांची धडपड चालू आहे.

डॉक्टरांनी दिवसाला ५ ग्रॅम मीठ सांगितलंय. चहाचा एक सपाट चमचा, त्यात पोळी, भाजी, आमटी सगळं आलं. कणकेत मीठ घालणं बंद केलं, आमटी-भाजीतलं निम्म्यावर आणलं, तेवढं निभावलं. अडलंय ते ताटाच्या डाव्या बाजूला. अण्णा मूळचे जळगावकडचे. ठेचा, लसणाची चटणी, कैरीचं लोणचं, भाजलेला बिबडा (ज्वारीचा पापड) यातलं काहीतरी ताटात असल्याशिवाय ते आयुष्यात कधी जेवले नाहीत. आता डावी बाजू रिकामी असते आणि चार घासांत त्यांचा हात थांबतो. तक्रार करत नाहीत, फक्त ताट पुढे सरकवतात. चार महिन्यांत चार किलो वजन उतरलंय आणि ते मला बघवत नाही.

जानेवारीत आणखी एक झालं. एका जवळच्या नातेवाइकांनी प्रेमाने लो-सोडियम मिठाची पिशवी आणून दिली. ‘यात सोडियम कमी, हवं तेवढं घाला.’ आम्हालाही सुटल्यासारखं झालं. तीन आठवड्यांनी रक्त तपासलं तर पोटॅशियम ६.२. दोन दिवस दवाखान्यात काढले. घरी आल्यावर नणंदेने पिशवी उलटून वाचली, तर घटकांत पोटॅशियम क्लोराइड. अण्णा रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन घेतात, त्याने आधीच पोटॅशियम वाढू शकतं. पिशवी वाचायचं आमच्यापैकी कुणाच्याच मनात आलं नव्हतं.

तर ज्यांच्या घरात हे पथ्य आहे त्यांना विचारते: डावीकडे काय वाढता? लोणचं अजिबात नाही का? कोथिंबिरीत पोटॅशियम असतं म्हणतात, मग हिरवी चटणीही गेली का? नातवंडांसाठी बाटल्या आणलेल्या असतात, त्यातलं केचप-सॉस चालतं का?

जुनाजाणता (सातारा) – ४ एप्रिल, रात्री १०.२५

ताई, स्पष्ट सांगतो, राग मानू नका. आमच्या आईने सात वर्षं अळणी खाल्लं. लोणच्याची बरणी घरातूनच काढून टाकली होती. थोडं थोडं म्हणत माणूस घसरतो, हे मी शेजारच्या घरात बघितलंय. पूर्ण बंद करणंच सोपं पडतं.

मोजूनमापून (पुणे) – ५ एप्रिल, सकाळी ७.१०

मी आहारतज्ज्ञ आहे, गेली १४ वर्षं किडनीच्या रुग्णांबरोबर काम करते. जुनाजाणता, तुमच्या आईंना ते साधलं, त्यांच्या निग्रहाला नमस्कार. पण चार महिन्यांत चार किलो हा आकडा मला लोणच्यापेक्षा जास्त घाबरवतो. अन्न कमी गेलं की स्नायू झिजतात, रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन उतरतं, आणि अशा शरीराला पुढे डायलिसिस फार जड जातं. जाईजुई, हे वजन उतरलेलं डॉक्टरांना आवर्जून सांगा. अण्णांची डावी बाजू रिकामी ठेवू नका.

आधी हिशोब. ५ ग्रॅम मीठ म्हणजे २००० मिलिग्रॅम सोडियम, म्हणजे १ ग्रॅम मिठात सुमारे ४००. लोणचं टिकतं ते मिठावर. घरच्या लोणच्यात वजनाच्या दहा-बारा टक्के मीठ सहज असतं. खारासकट एक फोड १५ ग्रॅमची धरली तर दीड ते दोन ग्रॅम मीठ पोटात जातं, सोडियम ६०० ते ७५०. दिवसाच्या कोट्याचा एक तृतीयांश एका फोडीत! फोड धुऊन खाणारे आहेत, पण मीठ आतपर्यंत मुरलेलं असतं, धुऊन वरचा खार तेवढा जातो. पापडाचं दुखणं दुहेरी आहे. त्यात मीठ असतं आणि पापडखारही, आणि पापडखार हासुद्धा सोडियमचाच क्षार. एका मध्यम उडदाच्या पापडात २०० मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम जातं.

आता पोटॅशियम. ते प्रत्येक किडनीच्या रुग्णाला तोडायचं नसतं, रक्तात वाढलं असेल तर आवरायचं असतं. अण्णांचं वाढलं होतं, तेव्हा त्यांना सांभाळायला हवं. पण प्रमाण बघा. १०० ग्रॅम कोथिंबिरीत ५०० मिलिग्रॅमच्या वर पोटॅशियम आहे हे खरं. १०० ग्रॅम कोथिंबीर म्हणजे मात्र अख्खी जुडी. चमचाभर चटणीतून फार तर ७०-८० जातं. माझ्याकडे येणारे लोक कोथिंबीर सोडतात, कोशिंबिरीतला टोमॅटो वेचून काढतात आणि ‘थंड असतं’ म्हणून रोज शहाळं पितात. एका शहाळ्याच्या पाण्यात ५०० मिलिग्रॅम सहज असतं. तेव्हा हिरवी चटणी करा, चमचाभर वाढा. मिठाऐवजी लिंबू पिळा, ओलं खोबरं अगदी थोडं. वाटीभर चटणीत इडली बुडवून खाल्ली तर मात्र हा हिशोब लागू नाही.

फॉस्फरसचं संध्याकाळी लिहिते, ओपीडीची वेळ झाली.

सदाफुली (ठाणे) – ५ एप्रिल, सकाळी ११.०५

उपयुक्त धागा. वाचनखूण साठवली. एक शंका: सैंधव चालतं ना? आमच्याकडे सासूबाईंसाठी सगळं सैंधवात करतो.

मोजूनमापून – ५ एप्रिल, दुपारी १.३०

सदाफुली, सैंधवही मीठच, जवळजवळ सगळं सोडियम क्लोराइड. पादेलोण म्हणजे काळं मीठही तसंच, फक्त वास वेगळा. साध्या मिठाइतकंच मोजून घाला. ‘हे औषधी’ म्हणून हात सैल सुटतो आणि नुकसान तिथे होतं.

कृष्णाकाठ (सांगली) – ५ एप्रिल, रात्री ८.५०

मी स्वतः सहा वर्षं डायलिसिसवर आहे, आठवड्यातून तीनदा. रुग्णाच्या बाजूने लिहितो.

सुरुवातीला मला वाटायचं की पाणी कमी प्यायला सांगितलंय ते पाळणं म्हणजे मनाच्या ताकदीचं काम. तसं नसतं. खारट खाल्लं की तहान लागतेच, तिथे मन काही करू शकत नाही. सलाइनच्या एक लिटरच्या बाटलीत ९ ग्रॅम मीठ असतं. टेक्निशियनने मला हे एकदा समजावलं आणि डोक्यात लख्ख उजेड पडला. अंगात जाणारं प्रत्येक ९ ग्रॅम मीठ आपल्याबरोबर लिटरभर पाणी धरून ठेवणार. दोन डायलिसिसच्या मध्ये माझं वजन साडेतीन किलो वाढायचं. मग मशीन तेवढं पाणी ओढायचं आणि शेवटच्या तासात पोटऱ्यांना असे गोळे यायचे की तोंडातून शब्द फुटत नसे. लोणचं-पापड सुटल्यावर वजन दोनच्या आत आलं. औषध तेच, मशीन तेच.

आता डावीकडे काय, तर माझी पद्धत सांगतो. सकाळी बायको माझ्या वाट्याचं मीठ एका छोट्या डबीत मोजून देते. घरात भाजी-आमटी बिनमिठाची होते, बाकीचे आपापलं वरून घेतात. मी डबीतलं मीठ शिजताना घालत नाही, ताटात पडल्यावर चिमटीने वरून भुरभुरवतो. वरचं मीठ जिभेला आधी भेटतं, त्यामुळे थोड्यात भागतं. रात्री डबीत शिल्लक राहिलं की फार बरं वाटतं.

चटणी: सुक्या लाल मिरच्या तव्यावर कोरड्या भाजायच्या, सालासकट लसूण भाजायचा, जिरं. खलबत्त्यात जाडसर कुटायचं, मिक्सरमध्ये पीठ होतं आणि चव मरते. वाढताना लिंबाचे चार थेंब. मीठ नाही. पहिले पंधरा दिवस काहीतरी राहिल्यासारखं वाटेल. महिना-दीड महिन्यात जीभ बदलते. आता लग्नाच्या पंगतीतली आमटी मला खारट लागते.

कांदा-लसूण मसाल्याबद्दल एक सांगायचं राहिलं. आमच्या भागात तो विकत आणतात किंवा डंकावर करून घेतात, आणि त्यात टिकण्यासाठी मीठ घातलेलं असतं. आमटीला वेगळं मीठ घातलं नाही म्हणून आपण निश्चिंत राहतो, पण मसाल्यातून गेलेलं असतं. डंकावर सांगून बिनमिठाचा करून घ्या.

मोजूनमापून – ५ एप्रिल, रात्री १०.१५

कृष्णाकाठ, डबीची युक्ती मी उद्यापासून माझ्या रुग्णांना सांगणार.

राहिलेला फॉस्फरस. तीळ, शेंगदाणे, जवस, कारळे यांत तो भरपूर आहे. १०० ग्रॅम तिळात ६०० मिलिग्रॅमच्या वर. हे वाचून घरातल्या सगळ्या कोरड्या चटण्या बंद होतात. घाई करू नका. एक तर चमचाभर चटणीत पाच-सात ग्रॅम तीळ असतात. दुसरं म्हणजे दाण्या-बियांतला फॉस्फरस फायटेट नावाच्या संयुगात अडकलेला असतो, शरीर त्यातला निम्म्याहून कमी घेतं. कारखान्यात मिसळलेला फॉस्फेट मात्र जवळजवळ सगळाच रक्तात उतरतो. म्हणून घरच्या जवसाच्या चटणीपेक्षा चीज स्प्रेड, पाकिटातलं सूप, मॅरिनेट केलेलं फ्रोझन मांस यांची धास्ती जास्त घ्या. सोलापुरी शेंगदाणा चटणी तेल घालून अर्धी वाटी खायची सवय असेल तर ती चमच्यावर आणा, सोडू नका.

पाकिटाच्या मागे आयएनएस क्रमांक, म्हणजे आत मिसळलेल्या पदार्थांचे ठरलेले क्रमांक असतात. ३३८ ते ३४१ आणि ४५० ते ४५२ दिसले की तो फॉस्फेट. ५०८ म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, जाईजुईंच्या पिशवीतलं तेच. ६२१ म्हणजे अजिनोमोटो. त्याच्या नावाने फार आरडाओरड होते, पण त्यात सोडियम मिठाच्या साधारण एक तृतीयांश असतं. त्याच बाटलीतलं मीठ सहसा जास्त नुकसान करतं. आपल्याकडे लेबलवर १०० ग्रॅममागे सोडियम किती ते छापावं लागतं. पोटॅशियम आणि फॉस्फरस छापायचं बंधन नाही, म्हणून घटकांची यादी वाचणं हाच मार्ग. समजा शेजवान चटणीवर १०० ग्रॅमला १५०० लिहिलंय. मोठा चमचा १५ ग्रॅमचा, म्हणजे सव्वादोनशे. मुलं त्यात फ्रँकी बुडवून खातात तसं आजोबांनी खाल्लं तर दोन-तीन चमचे कुठे गेले कळतही नाही.

हडसनकाठी (न्यू जर्सी) – ६ एप्रिल, पहाटे ४.२०

माझ्या वडिलांना तिसऱ्या टप्प्याचा आजार आहे, ते आमच्याकडेच असतात. बाटल्यांबद्दल मी लिहितो, कारण इथे फ्रिजचं दार त्यांनीच भरलेलं असतं.

सोया सॉस सगळ्यात वाईट. एका मोठ्या चमच्यात ९०० मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम. ‘रिड्यूस्ड सोडियम’ लिहिलेली बाटली घेऊन मी खूश होतो, मग कळलं की इथल्या नियमाप्रमाणे त्या शब्दांचा अर्थ मूळच्यापेक्षा किमान २५ टक्के कमी, एवढाच. मूळ आकडाच इतका मोठा की कमी करूनही चमच्याला साडेपाचशे-सहाशे राहतं. ‘लो सोडियम’ हा वेगळा शब्द आहे, तिथे एका वाढणीला १४० किंवा त्याहून कमी असावं लागतं. दोन्ही शब्द दिसायला सारखे आणि अर्थात एवढा फरक! काही कमी-सोडियम सॉसमध्ये पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं, ते यादीत बघतो. इथल्या लेबलवर पोटॅशियमचा आकडा छापणं सक्तीचं झालंय, त्याची मोठी मदत होते.

केचपच्या मोठ्या चमच्यात सोडियम दीडशेच्या आसपास, पोटॅशियम फार नाही, पण साखर चार ग्रॅम. मधुमेह असेल तर तेही मोजायचं. पिवळ्या मोहरीच्या सॉसचा लहान चमचा साधारण साठ. व्हिनेगरमध्ये सोडियम जवळजवळ नाहीच. आम्ही कांद्याच्या पातळ चकत्या व्हिनेगर, मिरपूड आणि ठेचलेल्या हिरव्या मिरचीत तासभर ठेवतो. बाबांना पोळीबरोबरही ते चालतं, आणि जेवताना ते दोनदा मागून घेतात.

तिरफळ (पेडणे, गोवा) – ६ एप्रिल, सकाळी ९.००

एक धोक्याची गोष्ट लिहायची आहे, कृपया सगळ्यांनी वाचा.

आमच्याकडे गोव्यात आणि तळकोकणात परसात करमलाचं झाड असतं. मराठीत कमरख, चांदणीसारखं कापलं जाणारं फळ. त्याचं लोणचं घालतात, चटणी करतात, मुलं मीठ-तिखट लावून खातात. किडनीच्या रुग्णाने हे फळ एक फोडसुद्धा खायचं नाही. त्यात कॅरॅम्बॉक्सिन नावाचं विष असतं. निरोगी किडनी ते बाहेर टाकते, आजारी किडनीला ते जमत नाही आणि ते मेंदूवर जातं. सुरुवात न थांबणाऱ्या उचकीने होते, मग गोंधळल्यासारखं होणं, झटके, आणि माणसं दगावलीही आहेत. ब्राझीलमधल्या संशोधकांनी २०१३ साली हे विष वेगळं काढून दाखवलं. त्याआधी डॉक्टरांना परिणाम दिसत होता, कारण माहीत नव्हतं.

त्याचंच भावंड म्हणजे बिंबल, हिरवं, लांबट, जिभेला करकरीत आंबट. आम्ही ते माशाच्या आमटीत घालतो, लोणचंही घालतो. त्यात ऑक्झलेट प्रचंड. केरळात कोलेस्टेरॉल उतरतं म्हणून त्याचा रस पिणाऱ्या दहा जणांच्या किडन्या अचानक बंद पडल्याची नोंद डॉक्टरांनी केली आहे, त्यातल्या सात जणांना डायलिसिस लागलं. आधी धडधाकट असलेल्या माणसाचीही किडनी या रसाने जाऊ शकते. माझ्या काकांना आजार झाल्यावर आमच्या परसातली दोन्ही झाडं आहेत तशीच ठेवली, पण त्यांच्या ताटात त्यातलं काही जात नाही.

आंबटासाठी आमसूल छान, पण तिथेही मीठ लपलेलं आहे. सालं सुकवताना मीठ लावतात आणि बाटलीतलं आगळ तर खारट असतंच. आम्ही काकांसाठी वेगळी, बिनमिठाची सालं उन्हात वाळवतो. भिजवून कोळ काढायचा, त्यात ठेचलेली मिरची, लसूण, वरून हिंगाची फोडणी. भाताबरोबर दोन चमचे पुरतात.

जुनाजाणता – ६ एप्रिल, सकाळी ९.४०

तिरफळ, हे माहीत नव्हतं. कमरख आमच्या बाजारात हल्ली सर्रास येतं. घरच्यांना पाठवलं. आणि मोजूनमापून, तुमचं वजनाबद्दलचं पटलं. आईही शेवटी फार वाळली होती. आम्ही ते आजाराचंच समजत होतो.

वऱ्हाडी_ठसका (अकोला) – ६ एप्रिल, दुपारी १२.१५

जाईजुई, अण्णा खान्देशचे, तिखट खाणारे, त्यांना तक्कू करून द्या. आत्ता कैरीचे दिवस आहेत. कच्ची आंबट कैरी किसायची, तेवढाच कांदा किसायचा, लाल तिखट, मेथीदाण्याची चिमूट. तेल चांगलं तापवून मोहरी, हिंग, हळद, आणि ती चरचरीत फोडणी थेट किसावर. गूळ घालतात तो सोडा, मधुमेह आहे आणि गुळात पोटॅशियमही भरपूर. कैरी आंबट निघाली तर मिठाची आठवण येत नाही. कैरी आणि कांदा दोन्हीत पोटॅशियम कमीच.

फक्त, मीठ नाही म्हणजे टिकणार नाही. फ्रिजमध्ये दोन दिवस. बिनमिठाचं लोणचं बरणीत भरून बाहेर ठेवू नका, आणि कच्चा लसूण तेलात बुडवून ओट्यावर तर मुळीच ठेवू नका. त्यात विषबाधेचे जंतू वाढतात आणि वासावरून कळत नाही.

दोडक्याच्या शिरांची चटणीही करा. शिरा तेलावर कुरकुरीत परतायच्या, लसूण, तिखट, अर्धा चमचा तीळ.

सदाफुली – ६ एप्रिल, संध्याकाळी ६.३०

सैंधवाबद्दल आज घरी सांगितलं, सासूबाईंनी शांतपणे ऐकलं. आमच्या ओळखीत एकांनी किडनीसाठी गोखरूचा काढा सुचवलाय, तोही...

मोजूनमापून – ६ एप्रिल, संध्याकाळी ७.०५

सदाफुली, सासूबाईंच्या नेफ्रॉलॉजिस्टना विचारल्याशिवाय कुठलाही काढा नको. कळकळीने सांगते. काढ्यात काय आणि किती उतरलंय ते घरी मोजता येत नाही, आणि आजारी किडनीला चूक सुधारायला वाव नसतो.

जाईजुई – १४ जून, रात्री ९.१५

दोन महिने लिहिलं नाही, पण धागा रोज उघडत होते. फ्रिजच्या दाराला यातले आकडे लिहून लावलेत.

पहिल्या दिवशी तक्कू केला. अण्णांनी चव घेतली, काही बोलले नाहीत, आणि अर्धी भाकरी जास्त खाल्ली. नणंदेने स्वयंपाकघरात येऊन माझा हात दाबला. दुसऱ्या आठवड्यात मी मोहरी फेसली. आईकडे लहानपणी बघितलेली, पाण्याचा हबका मारत पाट्यावर वाटायची, नाकात झिणझिण्या जाईपर्यंत. चोचवलेल्या काकडीत ती आणि चमचाभर दही. अण्णा म्हणाले, ‘हे पूर्वी आमची आजी करायची.’ लग्नाला एकोणीस वर्षं झाली, त्यांच्या आजीबद्दल मी पहिल्यांदा ऐकत होते.

मिठाची डबी आणली, स्टीलची, झाकणाची. ती अण्णा स्वतः सांभाळतात. मोजणं आपल्या हातात आल्यापासून ते ताट पुढे सरकवत नाहीत. रविवारी लोणच्याची अर्धी फोड घेतात आणि त्या दिवशी डबीतलं मीठ तेवढं कमी भरतात. हे त्यांनीच ठरवलं आणि डॉक्टरांनाही सांगितलं. बिबडा भाजत नाही. तो मागतात अजून, आणि नाही म्हणताना मला जड जातं.

परवाचा रिपोर्ट: पोटॅशियम ४.८. वजन दीड किलो वाढलं, आणि पायाला सूज नाही, म्हणजे ते पाण्याचं नाही असं डॉक्टर म्हणाले. ईजीएफआर २६, जवळपास तिथेच.

तिरफळ, बिनमिठाची आमसुलं पुढच्या हंगामात तुमच्याकडून थोडी मिळतील का? इथे बाजारात चार दुकानं फिरले, सगळीकडे मीठ लावलेलीच आहेत.

तिरफळ – १५ जून, सकाळी ८.३०

यंदाची दोन किलो वाळवून ठेवली आहेत, पाऊस लागायच्या आधी झाली. पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवा.